लेझर मशीनचं टेबल नोझलला समांतर करताना

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये १३०० बाय ९०० मिमी बेडचं, १०० वॉट काचेच्या ट्यूबचं सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड लेझरचं, कोरायचं-कापायचं मशीन आहे. धंद्यात त्याला तेरा-नव्वद म्हणतात. तान्हा पोळा तोंडावर आला होता आणि लाकडी नंदीच्या पाटावर लावायच्या, पोरांच्या नावाच्या पट्ट्या दुरंगी शीटवर (वरचा पातळ थर एका रंगाचा, खालचा दुसऱ्या) कोरणं चालू होतं. अख्खा बेड भरून पट्ट्या लावल्या की पुढच्या डाव्या कोपऱ्यातली नावं सुबक निघायची आणि मागच्या उजव्या कोपऱ्यातली सुजलेली. ऑपरेटरची तक्रार मोजक्या शब्दांत होती. “भाऊ, इकडं झकास कोरून राहिलं, तिकडं अक्षरं भरून राहिली.” भिंगाखाली पट्टी धरली तेव्हा त्याचा अर्थ कळला. चार मिलीमीटर उंचीच्या अक्षरात ‘क्ष’च्या पोटातली मोकळी जागा बुजलेली, अनुस्वार शिरोरेषेला चिकटलेला, काना जाड, आणि कोरल्याची खोली इतकी कमी की खालचा रंग जेमतेम दिसत होता.

अशा वेळी सरळ पाना घेऊन टेबलाखाली शिरू नये. दोष टेबलाचा आहे की आरशांचा, हे आधी ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला पाच मिनिटं पुरतात. जिथे खराब येतं त्या कोपऱ्यात हेड, म्हणजे लेन्स आणि नोझल असलेला फिरता भाग, न्यायचं, फोकस गेज (नोझल आणि मालातलं बरोबर अंतर दाखवणारा ठोकळा) तिथेच लावून टेबल वर-खाली करून घ्यायचं आणि तेच अक्षर पुन्हा कोरायचं. अक्षर स्वच्छ आलं तर टेबल वाकडं आहे. तरीही फिकं आणि फुगलेलं आलं तर टेबलाचा काही संबंध नाही, आरसे बघा. आणखी एक खूण आहे. या बांधणीत पहिला आरसा बहुधा मागे डाव्या बाजूला असतो, त्यामुळे किरणाचा सगळ्यात लांबचा पल्ला पुढच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत पडतो. आरशांची जुळणी बिघडली की आधी तो कोपरा रडतो. इथे रडत होता मागचा उजवा. गेज लावल्यावर अक्षर स्वच्छ आलं, म्हणजे काम टेबलाचंच होतं.

किती फरक चालतो, याचा हिशेब लेन्सवर आहे. सीओटू लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. लेन्सवर पडणारा किरण साधारण ६ मिमी जाड धरला तर २ इंची, म्हणजे ५०.८ मिमीच्या लेन्सचा ठिपका गणिताने ०.११ मिमीच्या आसपास येतो. फोकसपासून सुमारे १ मिमी वर किंवा खाली गेलं की तोच ठिपका जवळजवळ दीडपट होतो. अडीच मिमी गेलं तर अडीच-तीनपट, आणि ताकद त्याच्या वर्गाच्या प्रमाणात पसरून पातळ होते. दीड इंची लेन्सला ही मुभा अर्धा मिमीच राहते. ४ इंची लेन्सला चारेक मिमी मिळते, म्हणून जाड लाकूड कापणाऱ्यांना टेबल तिरकं असल्याचा पत्ताच लागत नाही. बारीक कोरीवकामासाठी आम्ही अख्ख्या बेडवर ०.३ मिमीच्या आत आणायचं धरतो. कटिंगला अर्धा मिमी चालून जातो.

आता मुद्द्याची गोष्ट. टेबलावर पाणसळ ठेवून बुडबुडा मधे आणणं म्हणजे टेबल लेव्हल करणं नव्हे. किरणाला जमीन कुठे आहे हे ठाऊक नसतं. नोझल ज्या पातळीत फिरतं त्या पातळीला टेबल समांतर हवं, एवढंच. मशीन उतारावर उभं असलं आणि गॅन्ट्री (हेड ज्यावरून सरकतं तो आडवा दांडा) आणि टेबल दोन्ही सारखीच कललेली असली तर कोरीव काम अव्वल येईल. उलट बुडबुडा बरोबर मधे आणि गॅन्ट्री तिरकी, तर रोज एक कोपरा वाया. पाणसळ लागते, पण ती फ्रेमला पीळ आहे का ते बघायला. त्याकडे पुढे येतोच.

कामाला लागताना लेझरचा वीजपुरवठा बंद, किल्ली खिशात, आणि ट्यूबकडचं मागचं झाकण बंदच ठेवलं. तिथे वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि टेबलाच्या कामासाठी ते उघडायची काही गरज नसते. हेड हलवायला फक्त मोटर आणि कीपॅड चालू. साधनं साधीच. ०.०१ मिमीचा, १० मिमी धावेचा डायल गेज, फिलर गेज (फटीत घालून मापायच्या पातळ पात्या), अॅलन की, १३ आणि १७चे पाने, मार्कर. हेड अॅल्युमिनियमचं असल्यामुळे डायलचा मॅग्नेटिक स्टँड त्याला धरत नाही. म्हणून ६ मिमी अॅक्रिलिकची एक पकड याच मशीनवर आधीच कापून ठेवली होती, नोझलभोवती बसणारी आणि दुसऱ्या टोकाला डायलची दांडी आवळणारी. डायल नसेल तर १० मिमीचा अॅक्रिलिक ठोकळा आणि फिलर गेजवरही भागतं, वेळ जास्त जातो इतकंच.

हनीकोंब जाळी, म्हणजे माल ठेवायची पोळ्यासारख्या घरांची जाळी, पहिल्यांदा उचलून बाहेर काढली. ती ज्या कडेवर टेकते त्या कडेवर एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या शीटच्या) धुराचा काळा राळेसारखा थर बसला होता आणि एका बाजूला कापलेल्या अक्षराचं पोट, म्हणजे ३ मिमीची एक चकती अडकलेली. पटाशीने खरवडून आणि रॉकेलच्या फडक्याने पुसून कडा उघडी केली. जाळी ठेवून मोजमाप घेणारे पुष्कळ आहेत, पण मग आपण टेबल मोजतोय की कचरा मोजतोय, हे कळत नाही.

नोझल जाईल तितकं कोपऱ्याजवळ नेऊन चारही ठिकाणी कडेपासूनचं अंतर घेतलं. पुढे डावीकडे १०.० मिमी धरलं, तो आपला आधाराचा कोपरा. पुढे उजवीकडे ११.४, मागे डावीकडे १०.३, मागे उजवीकडे १२.६. अंतर जास्त म्हणजे टेबल तिथे खाली.

या चार आकड्यांकडे बघून लगेच स्क्रू फिरवायला घेतात, तिथेच वेळ वाया जातो. आधी तिरक्या जोड्यांची बेरीज करायची. पुढचा डावा अधिक मागचा उजवा, २२.६. पुढचा उजवा अधिक मागचा डावा, २१.७. टेबल सपाट असेल आणि गॅन्ट्रीची पातळीही सपाट असेल, तर एकमेकींशी ती कितीही कललेली असोत, या दोन बेरजा सारख्याच यायला हव्यात. इथे ०.९ मिमीचा फरक आहे, म्हणजे कुठेतरी पीळ आहे. चार स्क्रूंनी कल काढता येतो. पीळ काढायला गेलं तर टेबल पिळावं लागतं. तसं केलं की चार बिंदूंवर आकडे जुळतात, पण टेबलाची फ्रेम कायम ताणाखाली राहते आणि स्क्रू जड फिरायला लागतात.

पीळ सापडला पायांत. मशीन कोटा फरशीवर, चाकं उचलून चार जॅक-पायांवर उभं. मागच्या उजव्या पायाखालून कागद आरपार सरकत होता. कधीतरी मशीन हलवलं असणार आणि तीनच पाय आवळले गेले असणार. आता पाणसळ कामाला आली. गवंड्याकडची नव्हे. तिच्यात मीटरमागे अर्धा-एक मिमीचा फरक दिसत नाही, आणि आपल्याला त्याच्यापेक्षा कमी शोधायचंय. मीटरला ०.०२ मिमी दाखवणारी मशीन लेव्हल, दोन्ही बाजूंच्या वाय रेलवर (गॅन्ट्री पुढे-मागे ज्यांवरून धावते त्यांवर) आडव्या ठेवलेल्या सरळ पट्टीवर, आधी पुढच्या टोकाला आणि मग मागच्या टोकाला. बुडबुडा मधे यायलाच पाहिजे असं नाही, दोन्ही टोकांना तो सारख्याच जागी यायला हवा. त्या सैल पायाचा चेकनट सोडून पाय थोडा थोडा खाली उतरवला, बुडबुडे जुळले, चेकनट आवळला आणि आवळताना ते सरकले नाहीत ना ते पुन्हा पाहिलं. चेकनट आवळताना पाय फिरतोच, म्हणून पायावर एक पाना आणि नटावर दुसरा.

पुन्हा आकडे घेतले. १०.०, ११.४, १०.२, ११.७. बेरजा २१.७ आणि २१.६. एकाही स्क्रूला हात न लावता मागचा उजवा कोपरा ०.९ने सुधारला होता.

उरलेला निव्वळ कल. टेबल चार लीड स्क्रूंवर, म्हणजे आट्यांच्या उभ्या दांड्यांवर उभं, आणि खाली चारही पुल्या एकाच दातेरी टायमिंग बेल्टने टेबल वर-खाली करणाऱ्या झेड मोटरला जोडलेल्या. मोटर फिरली की चारही सारखेच फिरतात, म्हणून एक कोपरा वेगळा उचलायचा तर बेल्टमधून त्याची पुली सोडवावी लागते. किती फिरवायचं हे अंदाजाने ठरवू नये. एक स्क्रू मोकळा करून पाच पूर्ण फेरे दिले, टेबल त्या कोपऱ्यात २० मिमी उचललं गेलं, म्हणजे फेऱ्याला ४ मिमी. पुलीला २० दात. एक दात सरकवला की ०.२ मिमी. वेगळ्या मशीनवर आटे ५ मिमीचे असतील, दात १५ असतील. मोजून घ्या. पाच फेऱ्यांची ही चाचणी झाल्यावर स्क्रू पाच फेरे उलट फिरवून जागेवर आणला. इतका वेळ एक कोपरा २० मिमी वर ठेवून टेबल सोडू नये, नटांवर आडवा ताण येतो.

दात सरकवण्याआधी बेल्ट चारही पुल्यांवरून उतरवून प्रत्येक स्क्रू दोन बोटांनी फिरवून पाहिला. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण खरं निदान इथे होतं. तीन सहज फिरत होते, पुढचा उजवा अर्ध्या फेऱ्याला अडत होता. नट टेबलाला चार बोल्टांनी धरलेला असतो. तो मूळ जोडणीतच जरा तिरका बसला असेल तर स्क्रू दर फेऱ्याला घासतो. चारही बोल्ट अर्धा फेरा सैल केले, टेबल वर-खाली करून नटाला आपली जागा घेऊ दिली, मग बोल्ट तिरक्या क्रमाने आवळले. अडणं गेलं. आट्यांवरचं जुनं ग्रीस एमडीएफच्या भुशाने काळ्या लापशीसारखं झालं होतं. ते दातांच्या ब्रशने आणि रॉकेलने काढलं आणि पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, कोरडा स्प्रे मारला. लेझरच्या टेबलाला ग्रीस नको. सहा महिन्यांत ते सॅंडपेपर होतं.

मग एकेक पुलीवर मार्करने दात आणि त्यासमोर बेल्टवर खूण. पुढचा उजवा १.४ खाली, सात दात. मागचा डावा ०.२, एक दात. मागचा उजवा १.७ खाली, म्हणजे साडेआठ दात, आणि अर्धा दात काही सरकत नाही. पुलीचा ग्रब स्क्रू (पुलीला दांड्यावर पकडणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू) सोडून पुली स्क्रूवर किंचित फिरवता येते, पण मग ग्रब स्क्रूचं टोक सपाट खाचेवरून उतरतं आणि पुढे कधीतरी घसरतं. ०.१ मिमीसाठी ते करू नये. आठ दात दिले.

क्रम मात्र महत्त्वाचा. आधी आधाराचा कोपरा धरून दोन कोपरे जुळवायचे आणि चौथा शेवटी, तोही नुसता भार घेईपर्यंत. तीन बिंदूंवर पातळी ठरते, चौथा पाय नेहमी उपराच. तो कमी पडला तर टेबल खाटेसारखं डुगडुगतं, जास्त झाला तर शेजारचा एक कोपरा लटकतो. मागच्या उजव्या कोपऱ्यावर अंगठ्याने दाबून डायलचा काटा बघायचा. दाबल्यावर काटा हलून लगेच परत आला तर ठीक, एकदम पाव मिमी बसला तर तो स्क्रू रिकामा आहे.

मोजायचा बिंदू आणि स्क्रू एकाच जागी नसतात. स्क्रू बाहेरच्या बाजूला असतो, म्हणून पहिल्या फेरीत आकडे पुरते जुळत नाहीत, एखादा दात इकडे-तिकडे करावा लागतो. इथेही पुढच्या उजव्याला आणखी एक दात द्यावा लागला. बेल्ट चढवून टेन्शनर आवळला, बेल्ट बोटाने दाबला तर लवतो पण दातांवरून उडी मारत नाही इतपत. मोटरने टेबल अगदी तळापासून वरपर्यंत नेऊन आणलं आणि शेवटी खालून वर येऊनच थांबवलं. वरून खाली येऊन थांबलेलं टेबल एखाद्या घट्ट नटावर अडकून बसलेलं असू शकतं, आणि तसे घेतलेले आकडे दुसऱ्या दिवशी बदलतात. चारही कोपरे ०.२च्या आत आले. टेन्शनरचा बोल्ट आणि चारही पुल्यांचे ग्रब स्क्रू निळ्या, म्हणजे मध्यम ताकदीच्या थ्रेड लॉकरने पक्के केले.

टेबल मुळात तिरकं का झालं? टेन्शनर सैल होता आणि त्यात ग्रॅनाइट. काळ्या ग्रॅनाइटची ६०० बाय ३०० मिमीची, १८ मिमी जाड पाटी साडेनऊ किलोच्या घरात जाते. ती उजव्या कडेवर धप्पकन ठेवली, किंवा तशीच कोपऱ्यात ठेवून टेबल वर घेतलं, की सैल बेल्ट एक-दोन दात उडतो. आवाजही येतो, टक्, पण एक्झॉस्टच्या घरघरीत तो कुणाला ऐकू येत नाही. पाटी मधोमध ठेवून मग टेबल उचलायचं, एवढीच काळजी.

जाळी परत बसवताना कोपऱ्यांचे आकडे उपयोगी नाहीत, कारण जाळी मधे लवते. तीन रांगा, तीन जागा असे नऊ बिंदू घेतले. डायलची टोकणी जाळीच्या घरात शिरते, म्हणून ५ मिमी काचेचा दोन इंची चौकोनी तुकडा सगळीकडे तोच ठेवून त्यावर टोकणी टेकवली. मधे ०.८ मिमीची झोळ निघाली. खाली २५ मिमीचे दोन अॅल्युमिनियम चौकोनी पाइप आडवे टाकले आणि त्यावर ०.५ आणि ०.२ मिमीच्या शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या पट्ट्या. झोळ पाव मिमीच्या आत आली.

जाळी दोन्ही बाजूंनी स्क्रूने आवळून टाकायची हौस अनेकांना असते. नागपुरात ती महागात पडते. डिसेंबरच्या पहाटे पत्र्याच्या शेडमध्ये १० अंश आणि मेच्या दुपारी ४५, म्हणजे ३५ अंशांचा फरक. अॅल्युमिनियमची जाळी पोलादी फ्रेमपेक्षा जास्त प्रसरण पावते आणि १३०० मिमीवर तो जादा भाग साधारण अर्धा मिमी होतो. अर्धा मिमी किरकोळ वाटतो. पण दोन्ही टोकं जखडलेली असली तर त्या अर्ध्या मिमीला जायला जागा नसते आणि मधला भाग काही मिलीमीटर फुगून वर येतो. एकाच बाजूला दोन स्क्रू, दुसरी बाजू मोकळी. जाळी स्वतःच्या वजनाने बसते.

टेबल झालं तरी शीटचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि पावसाळ्यात तोच मोठा असतो. लकडगंजातून आणलेलं ३ मिमी एमडीएफ भिंतीला तिरकं टेकवून ठेवलं की आठवड्यात वाटीसारखं होतं. मग टेबल ०.२ मिमीवर आणून उपयोग नाही, शीटच मधे ४ मिमी उचललेली. शीटा आडव्या, सपाट, वर वजन ठेवून साठवा. उन्हाळ्यात कूलरची ओली हवा मशीनवर किंवा शीटांवर सोडू नका. बसवताना जाळी पोलादी असेल तर चुंबक, अॅल्युमिनियमची असेल तर एमडीएफमधूनच कापलेल्या आकड्यासारख्या खिट्ट्या जाळीच्या घरात खोचून कडा दाबून धराव्यात. खिट्टीचं डोकं नोझलच्या वाटेत येणार नाही इतकं बुटकं ठेवा.

शेवटची चाचणी दुरंगी शीटच्याच तुकड्यांवर घेतली. नऊ जागी नऊ तुकडे, प्रत्येकावर चार मिलीमीटरमध्ये ‘अक्षय’ आणि ‘वेदांत’. ‘क्ष’चं पोट आणि ‘दां’वरचा ठिपका यांच्याइतकी कडक परीक्षा दुसरी नाही. फोकस फक्त आधाराच्या कोपऱ्यात लावायचा आणि मधे टेबलाला हात लावायचा नाही. नऊही तुकडे भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवले तेव्हा कुठला कुठला हे मागच्या आकड्याशिवाय ओळखता आलं नाही.

याच निमित्ताने एक गैरसमज. जाड अॅक्रिलिकची कड तिरकी कापली गेली की “टेबल वाकडं आहे” म्हणून टेबलाच्या मागे लागतात. हिशेब करून बघा. १३०० मिमीत तब्बल २.६ मिमी उतार धरला तरी तो ०.१ अंशाच्या आसपासचा कोन झाला. १० मिमी अॅक्रिलिकमध्ये त्याने कड ०.०२ मिमीने झुकेल, गुनियाला दिसणारही नाही. गुनिया लावून अर्धा मिमी उजेड दिसत असेल तर किरण लेन्सच्या मधून जात नाही किंवा हेडमधला तिसरा आरसा कललाय. तिथे स्क्रूचे दात मोजत बसून काही हाती लागणार नाही.

ऑटोफोकसची पेन असलेल्या मशीनवर शेवटचं एक काम राहतं. पेन एकाच बिंदूला टेकते, बाकी टेबलाचं तिला काही कळत नाही, म्हणून तिचा आकडा तरी खरा आहे ना, हे बघून घ्यायचं. एमडीएफची फळी एका बाजूने २० मिमी उचलून तिरकी ठेवली, तिच्यावरून कमी ताकदीची एक सरळ रेघ मारली. रेघ जिथे सगळ्यात बारीक आणि कोरीव, तिथे नोझल आणि फळीतलं अंतर व्हर्नियरने घेतलं, तो खरा फोकस. तो आकडा कंट्रोलरमध्ये भरला, आणि त्याच मापाचं नवं अॅक्रिलिक गेज कापून जुनं, कडा झिजलेलं गेज कचऱ्यात टाकलं. झाकणाच्या आतल्या बाजूला चार कोपऱ्यांचे आकडे मार्करने लिहून ठेवले आहेत. ग्रॅनाइटचं काम उतरलं की डायल लावून तेवढे चार ताडून बघायचे.